एकच साज, एकच रीत : स्कूबा प्रशिक्षणातील काटेकोर शिस्तीचा वाद

पाण्याखाली तीस मीटर खोलीवर एखाद्या पाणबुड्याची हवा अचानक संपली, तर त्याने साथीदाराकडून हवा नेमकी कशी घ्यावी? साथीदाराच्या अंगावर अडकवलेला पिवळ्या रंगाचा राखीव रेग्युलेटर शोधून तो तोंडात घालावा, की साथीदाराने स्वतःच्या तोंडातील रेग्युलेटर काढून त्याच्या हाती द्यावा? प्रश्न केवळ तांत्रिक वाटतो; परंतु गेली सुमारे तीन दशके स्कूबा प्रशिक्षणाच्या क्षेत्रात चाललेल्या एका मोठ्या वादाचे बीज याच प्रश्नात आहे. संघातील प्रत्येक पाणबुड्याचा साज, खाणाखुणा, श्वसनवायू आणि संकटकाळची कृती तंतोतंत एकसारखी असली पाहिजे, असे एक पक्ष मानतो. पाणी, प्रदेश आणि माणूस यांनुसार पद्धत बदलली पाहिजे. एका ठिकाणची शिस्त दुसऱ्या ठिकाणी अडचण ठरू शकते, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. हा वाद नीट समजून घ्यायचा तर त्याच्या उगमापर्यंत जावे लागते.

प्रशिक्षणाची सुरुवात

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ हे श्वसनयंत्र सिद्ध केले. टाकीतील उच्च दाबाची हवा पाणबुड्याला हवी तेव्हा आणि त्या खोलीला साजेशा दाबाने पुरवणारा रेग्युलेटर हा त्याचा गाभा होता. महायुद्धानंतर हे यंत्र बाजारात आले आणि नौदलाबाहेरच्या सामान्य माणसालाही समुद्रतळ खुला झाला. त्यापाठोपाठ अपघातही आले. ब्रिटनमध्ये १९५३ साली ‘ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब’ स्थापन झाला. अमेरिकेत १९६० मध्ये ‘नावी’ आणि १९६६ मध्ये ‘पाडी’ या प्रशिक्षणसंस्था उभ्या राहिल्या.

आरंभीचे प्रशिक्षण लष्करी वळणाचे आणि दीर्घ मुदतीचे होते. पुढे पर्यटन वाढले तसा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यांत विभागला गेला. आज प्राथमिक प्रमाणपत्र काही दिवसांत मिळते. त्यासाठी खुल्या पाण्यात किमान चार बुड्या माराव्या लागतात आणि बहुतेक ठिकाणी धारकाला १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची मुभा असते. या सुलभतेमुळे लक्षावधी लोक या छंदाकडे वळले. ‘चार बुड्यांत पाणबुडा घडतो काय?’ हा प्रश्नही तिच्यातूनच पुढे आला.

फ्लोरिडाच्या गुहांतील धडा

काटेकोर शिस्तीचा जन्म समुद्रात झालेला नाही. तो अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील गोड्या पाण्याच्या भुयारी गुहांत झाला. चुनखडीच्या खडकातून वाहणाऱ्या या झऱ्यांचे पाणी काचेसारखे नितळ असते आणि तेच घातक ठरते. पुढे पुढे जाण्याचा मोह होतो. तळाचा गाळ पायाच्या एका फटकाऱ्याने उसळतो आणि क्षणात सारे दिसेनासे होते. वर छप्पर असल्याने थेट पृष्ठभाग गाठता येत नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत येथे अनेकांनी प्राण गमावले आणि त्यांत समुद्रात मुरलेले प्रशिक्षकही होते.

या मृत्यूंचा पद्धतशीर अभ्यास शेक एक्सली या गुहा-पाणबुड्याने केला. ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ ही त्याची छोटेखानी पुस्तिका १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष अपघात समोर ठेवून त्याने कारणे वेगळी काढली : बाहेरच्या उजेडापर्यंत अखंड मार्गदर्शक दोरी नसणे, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखून न ठेवणे आणि साध्या हवेवर झेपेल त्यापेक्षा खोल जाणे. पुढे प्रशिक्षणाचा अभाव आणि पुरेसे दिवे नसणे ही कारणेही त्यांत जोडली गेली. ‘एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश संकटासाठी’ हा नियम जगभर रूढ झाला. नियम मोडणाऱ्याला अनुभव वाचवत नाही, हा त्या पुस्तिकेचा सारांश होता. खुद्द एक्सली १९९४ मध्ये मेक्सिकोतील सकातोन या अतिखोल जलकुंडात विक्रमी बुडी मारताना मरण पावला.

याच काळात टॅलाहासी शहराजवळच्या वाकुला झऱ्याच्या परिसरात ‘वुडविल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट’ हा शोधगट काम करीत होता. नव्वद मीटर खोलीवर, प्रवेशद्वारापासून कित्येक किलोमीटर आत जायचे, तर एका माणसाची चूक संपूर्ण गटाला भोवणार होती. म्हणून गटातील प्रत्येकाचा साज सारखाच असावा, असा आग्रह धरला गेला. बिल हॉगार्थ मेन या पाणबुड्याने अनावश्यक वस्तू वगळून घडवलेली मांडणी, म्हणजेच ‘हॉगार्थियन’ साज, या विचाराचा पाया ठरली. गटाचे नेतृत्व करणाऱ्या जॉर्ज अर्व्हिन यांनी १९९० च्या दशकात या साऱ्या विचाराला ‘डूइंग इट राइट’ म्हणजे ‘योग्य रीतीने करणे’ या नावाने प्रसिद्धी दिली. त्याचे संक्षिप्त रूप ‘डीआयआर’. १९९८ मध्ये जॅरड जाब्लॉन्स्की यांनी ‘ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स’ ही संस्था स्थापन करून या शिस्तीला अभ्यासक्रमाचे रूप दिले. डिसेंबर २००७ मध्ये जाब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ली यांनी टर्नर सिंक येथून पाण्यात शिरून सुमारे अकरा किलोमीटर भुयारी प्रवास केला आणि ते वाकुला झऱ्यातून बाहेर आले. या पद्धतीच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून या बुडीकडे बोट दाखवले जाते.

शिस्तीचे स्वरूप

या पद्धतीत पाठीवर धातूची सपाट पट्टी असते आणि तिच्यातून ओवलेला एकच सलग पट्टा खांदे व कंबर धरून ठेवतो. मुख्य रेग्युलेटरची नळी सुमारे दोन मीटर लांब असते. ती छातीवरून मानेमागे वळसा घेऊन तोंडाशी येते. राखीव रेग्युलेटर आखूड नळीवर, रबरी दोरीने हनुवटीखाली अडकवलेला असतो. दाबमापक डाव्या कमरेशी. लोंबकळणारे काहीही नसते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर या मांडणीतच आहे. घाबरलेला माणूस राखीव रेग्युलेटर शोधत बसत नाही. समोरच्याच्या तोंडात जे चालताना दिसते त्यावरच तो झडप घालतो. शिवाय तोंडातला रेग्युलेटर चालू आहे, याची त्या क्षणी खात्री असते. बाजूला अडकवलेला गाळाने भरलेला असू शकतो. म्हणून तोंडातलाच द्यायचा आणि स्वतः हनुवटीखालचा घ्यायचा. नळी लांब असल्यामुळे अरुंद भुयारातून दोघे एकामागे एक बाहेर पडू शकतात.

साजाइतकेच महत्त्व शरीराच्या नियंत्रणाला आहे. पाणबुड्याने ना बुडता ना वर तरंगता, जमिनीला समांतर राहून स्थिर असावे. पायांचा फटका बेडकासारखा बाजूला मारावा, म्हणजे गाळ उसळत नाही. अवघड कृती करतानाही खोली फारशी बदलता कामा नये. श्वसनवायूंची मिश्रणेही ठरलेली असतात. उदाहरणार्थ, तीस मीटरपर्यंत ३२ टक्के प्राणवायू असलेले नायट्रॉक्स. त्याखाली हेलियम मिसळलेली ठरावीक मिश्रणे. ‘फंडामेंटल्स’ या पायाभूत अभ्यासक्रमात नापास होण्याची खरीखुरी शक्यता असते. प्रमाणपत्रही आजन्म नसते. ठरावीक मुदतीनंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. स्कूबा क्षेत्रात ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल.

पन्नास बारचे गणित

शिस्तीच्या पुरस्कर्त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा साजाचा नसून हवेच्या हिशेबाचा आहे. पर्यटनाच्या बोटींवर ‘पन्नास बार उरले असताना वर या’ अशी सरसकट सूचना दिली जाते. ती पुरेशी आहे का, हे साध्या गणिताने तपासता येते.

तीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. शांत अवस्थेत एक माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा वापरतो असे धरू. एकाची हवा संपली आणि दोघे एकाच टाकीवर आले, तर तळाशी सावरण्यात गेलेल्या एका मिनिटाला १६० लिटर लागतात. पाच मीटरपर्यंत सावकाश वर यायला तीन मिनिटे लागली, तर सुमारे ३३० लिटर. तेथील तीन मिनिटांच्या सुरक्षा थांब्याला १८० लिटर. शेवटच्या टप्प्याला आणखी ५० लिटर. एकूण ७२० लिटर झाले. अकरा लिटर क्षमतेच्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत याचा अर्थ सुमारे ६५ बार होतो. भीतीमुळे श्वास दीडपट झाला, तर गरज शंभर बारच्या घरात जाते. म्हणजे तीस मीटर खोलीवर मापक पन्नासवर येईपर्यंत थांबणाऱ्याने साथीदाराचा वाटा केव्हाच खर्च केलेला असतो. ही किमान राखीव हवा पाण्यात उतरण्यापूर्वी काढून ठेवणे, हा या शिस्तीचा पहिला पाठ आहे.

अपघातांचा अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतो. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या प्रकरणांत घटनेची ठिणगी ओळखता आली, त्यांपैकी ४१ टक्क्यांमध्ये अपुरी हवा, २० टक्क्यांमध्ये अडकून पडणे आणि १५ टक्क्यांमध्ये साहित्यातील अडचण ही सुरुवात होती. मात्र याच अभ्यासात मृत्यूकडे नेणाऱ्या इजांमध्ये हृदयविकाराचा वाटा सुमारे चौथ्या हिश्शाचा होता. नळी कितीही लांब असली, तरी तिच्याने हृदय वाचत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप वृत्तीवर आहे. चळवळीच्या सुरुवातीच्या काळात वेगळी पद्धत वापरणाऱ्यांना ‘स्ट्रोक’ अशा हिणकस शब्दाने संबोधले जाई. ‘योग्य रीत’ या नावातच इतर सारे अयोग्य ठरवल्याचा सूर आहे, अशी टीका झाली. विचार बरोबर असला, तरी सांगणाऱ्याच्या तोऱ्यामुळे तो अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : प्रमाण ठरवलेली गोष्टच चुकीची निघाली तर? वर येताना खोल पाण्यात सुरुवातीलाच थांबे घ्यावेत, म्हणजे रक्तातील नायट्रोजनचे बुडबुडे आटोक्यात राहतात, हा समज नव्वदच्या दशकापासून तांत्रिक पाणबुड्यांत दृढ होता. शिस्तवादी वर्तुळांतही तो पाळला जाई. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक पाणबुडी विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत याच्या उलट आढळले. एकूण वेळ सारखाच ठेवला असता खोल थांब्यांच्या वेळापत्रकाने विदाबव्याधीचे रुग्ण अधिक निघाले, उथळ थांब्यांच्या वेळापत्रकाने कमी. त्यानंतर खोल थांब्यांचा आग्रह ओसरू लागला. शिस्तीचा लाभ सर्वांना एकदम मिळतो. तिच्यातील चूकही सर्वांना एकदम भोवते. म्हणून प्रमाण ठरवणाऱ्यांनी ते बदलण्याची वाटही मोकळी ठेवली पाहिजे.

तिसरा आक्षेप परिस्थितीचा आहे आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते.

ब्रिटिश भुयारे आणि थाम लुआंग

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील वूकी होल गुहेत १९३५ मध्ये ग्रॅहम बाल्कम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाड पाणबुडी पोशाख घालून पहिले प्रयत्न केले. १९४६ मध्ये बाल्कम यांनी ‘केव्ह डायव्हिंग ग्रुप’ स्थापन केला. तेथील पाणी थंड आणि गढूळ. वाटा इतक्या अरुंद की दोन माणसे शेजारी मावत नाहीत. अशा ठिकाणी साथीदार मदतीला येऊ शकत नाही, उलट वाट अडवू शकतो. म्हणून तेथे एकट्याने जाण्याची परंपरा पडली. दोन स्वतंत्र टाक्या पाठीऐवजी कमरेच्या दोन्ही बाजूंना बांधायच्या, प्रत्येकीला वेगळा रेग्युलेटर ठेवायचा, आणि एक निकामी झाली तर दुसरीवर परत यायचे. फ्लोरिडाची शिस्त संघावर उभी आहे, तर ब्रिटिश शिस्त स्वावलंबनावर. दोन्हींचा पाया अपघातांतून घेतलेल्या धड्यांचाच आहे.

२३ जून २०१८ रोजी उत्तर थायलंडमधील थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातील बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पुरामुळे अडकले. २ जुलै रोजी रिक स्टॅन्टन आणि जॉन व्हॉलन्थन हे दोन ब्रिटिश गुहा-पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोहोचले. ६ जुलै रोजी थाई नौदलाचे माजी जवान समान गुनान यांचा टाक्या पोहोचवून परतताना मृत्यू झाला. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला देण्यासाठी भारतातून किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथे गेले होते. बेळगावातील छोट्या दुकानापासून सुरू झालेल्या या उद्योगाचे नाव सीमाभागाला नवे नाही.

८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जण जिवंत बाहेर आले. ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी मुलांना गुंगीचे औषध दिले आणि संपूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे घातलेल्या मुलांना एकेका पाणबुड्याने गढूळ पाण्यातून वाहून आणले. असे काही कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. म्हणून शिस्तीचे विरोधक या घटनेचा आधार घेतात. पण त्याच मोहिमेची दुसरी बाजूही आहे. स्थानिक मुलांना घेऊन जलतरण तलावात सराव झाला, प्रत्येक टप्प्यावर कोणी थांबायचे आणि काय करायचे हे ठरले, आणि अखंड दोरीचा जुना नियम पाळला गेला. नवी युक्ती उपयोगी पडली, कारण ती योजणाऱ्यांच्या अंगात मूलभूत गोष्टी पूर्ण मुरलेल्या होत्या.

वादाचे फलित

आज हा वाद पूर्वीइतका टोकाचा राहिलेला नाही. लांब नळी आणि धातूची पाठपट्टी इतर संस्थांच्या तांत्रिक अभ्यासक्रमांतही सर्रास दिसते. तळावर गुडघे टेकवून कौशल्ये शिकवण्याऐवजी ती तरंगत्या अवस्थेतच शिकवावीत, हा आग्रह प्राथमिक प्रशिक्षणापर्यंत पोहोचला आहे. शिस्तवादी संस्थांनीही संगणकीय मापके आणि नवी वेळापत्रके स्वीकारली आहेत. प्राथमिक प्रशिक्षणासाठी आयएसओ २४८०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. परंतु ते किमान मर्यादा ठरवते, उत्कृष्टता नव्हे. विमानचालनाप्रमाणे येथेही यादी वाचून तपासणी करणे आणि कनिष्ठाने वरिष्ठाला निर्धोकपणे टोकणे यांवर आता भर दिला जातो. ‘कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने बुडी थांबवू शकतो’ हा गुहा-पाणबुड्यांचा जुना संकेत दोन्ही पक्षांना सारखाच मान्य आहे.

गोवा आणि कोकणासाठी अर्थ

वास्कोजवळील ग्रँड आयलंड, मालवण-तारकर्लीचा किनारा आणि मुरुडेश्वरजवळील नेत्राणी ही या पट्ट्यातील परिचित ठिकाणे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पावसाळ्यात हा व्यवहार बंद असतो आणि हंगामातही पाणी कित्येकदा गढूळ असते. येथे येणारे बहुसंख्य पर्यटक प्रमाणपत्रासाठी येत नाहीत. ते एखाद्या दिवसाच्या अनुभवासाठी येतात. त्यांपैकी अनेकांना पोहताही येत नाही. त्यांच्या बाबतीत साजाची मांडणी किंवा वायूंचे मिश्रण हे प्रश्न दूरचे आहेत. त्यांची सारी सुरक्षितता सोबतच्या प्रशिक्षकाच्या शिस्तीवर अवलंबून असते.

तरीही वादातून निघालेले काही प्रश्न त्यांनाही विचारता येतात. एका प्रशिक्षकाकडे किती माणसे आहेत? पाण्यात उतरण्यापूर्वी प्रकृतीची चौकशी करणारा अर्ज भरून घेतला जातो का? कान दुखल्यास, घाबरल्यास आणि वर यायचे असल्यास करायच्या खुणा बोटीवरच शिकवल्या जातात का? बोटीवर प्राणवायूची सोय आहे का? टाकीत किती हवा असताना परत फिरायचे, हे कोणी आणि कशावरून ठरवले आहे? आणि ऐनवेळी ‘मला उतरायचे नाही’ असे म्हटल्यास ते सहज स्वीकारले जाते का?

या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत असतील, तर प्रशिक्षक कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र बाळगतो, हा मुद्दा गौण ठरतो. उत्तरे टाळली जात असतील, तर त्या दिवशी काठावर राहणेच श्रेयस्कर.